चार नंबरचा लोखंडी रंधा: आधी एका पाळकाचा, आता माझा

वस्तू: बेली पद्धतीचा चार नंबरचा लोखंडी रंधा. वापरलेला. मालक एकच, पण हात बरेच लागलेले. मालक म्हणजे माझे पप्पा, खेड्यातल्या एका चर्चचे पाळक. ते गेल्यानंतर हत्यारांची पेटी कुणी न्यायची हा विषय घरात निघाला, तेव्हा आईने फार चर्चा होऊ दिली नाही. "जिला धार लावता येते ती नेईल," म्हणाली. दोन्ही भाऊ गप्प बसले आणि पेटी माझ्याकडे आली. पेटीतल्या इतर गोष्टींवर पुन्हा कधीतरी लिहीन. आज फक्त रंधा, कारण सगळ्यात जास्त वापरला जातो तो हाच, आणि घेऊ की नको असं लोक विचारतात तेही याच्याचबद्दल.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याने फारसा फरक पडत नाही. हा आराखडा लेनर्ड बेली नावाच्या अमेरिकन कारागिराचा. त्याचे हक्क १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीने विकत घेतले, आणि पेटंटच्या मुदती संपल्यावर जगभरच्या कंपन्यांनी तोच रंधा स्वतःच्या नावाने ओतायला सुरुवात केली. पात्याचा तिरकेपणा सुधारणारी मागची दांडी १८८० च्या दशकात आली. त्यानंतर मूळ रचनेत सांगण्यासारखं काही बदललेलं नाही. त्यामुळे मी जे लिहितेय ते या पद्धतीच्या कुठल्याही बऱ्या रंध्याला लागू पडेल.

मापं सांगून टाकते. तळ साडेनऊ-पावणेदहा इंच लांब, पातं दोन इंच रुंद, पात्याची बैठक ४५ अंशांत. वजन पावणेदोन किलोच्या आसपास. याच कुटुंबात पाच नंबर चौदा इंचांचा आणि सात नंबर बावीस इंचांचा असतो. ते दोघे फळी सरळ करायला. चार नंबर शेवटचा हात फिरवायला, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत करायला. पप्पांकडे बाकीचे नव्हते. त्यांनी दारं, बाकं, पाळणे, शवपेट्या, सगळं या एकाच रंध्यावर काढलं. ते काही योग्य नव्हे. लांब फळीवर छोटा रंधा चढ-उताराबरोबर वर-खाली होत जातो आणि फळी सरळ व्हायच्या ऐवजी नुसती गुळगुळीत होते. चर्चमधल्या दुसऱ्या रांगेतलं बाक मध्ये किंचित खोल आहे. हात फिरवला तर अजून कळतं.

आता खरा मुद्दा. हा रंधा कुणासाठी आहे? माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं, हौशी आणि व्यावसायिक दोघांसाठी. माझं मत वेगळं आहे. ज्याचं काम सारखं अर्धवट तुटतं त्याच्यासाठी हा रंधा आहे.

पप्पांकडे आधी लाकडी रंधा होता. त्यात पातं लाकडी पाचरीने ठोकून बसवतात. जास्त खोल हवं तर पात्याच्या डोक्यावर हलकी हातोडी, कमी हवं तर रंध्याच्या अंगावर. रोज आठ तास तेच करणाऱ्या सुताराच्या कानालाच कळतं पातं कुठे बसलं ते. पण पाळकाला आठ तास कोण देतो? फळी शिकंज्यात लावली की फाटकावर कुणीतरी उभं. कुणाची आई अत्यवस्थ, कुणाच्या घरात भावाभावांत जुंपलेली, कुणाचा मुलगा तीन दिवस घरी आलेला नाही. पप्पा हात पुसत निघायचे ते रात्री परत. शिवाय त्यांच्या चर्चची माणसं एका गावात नव्हती, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर विखुरलेली होती, आणि वाहन म्हणजे सायकल. आठवड्याने पुन्हा फळीपाशी आलं की लाकडी रंध्याशी सगळं नव्याने जुळवावं लागायचं. तोवर लाकडानेही हवेतला ओलावा घेतलेला, पाचर कधी सैल, कधी घट्ट.

लोखंडी रंध्यात ही भानगड नाही. मुठीच्या पुढे पितळेचं चाक असतं. ते फिरवलं की पातं बाहेर किंवा आत. मागची दांडी डावी-उजवीकडे सरकवली की तिरकेपणा जातो. जिथे सोडला तिथून काम पुढे सुरू. सगळं उघडायला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो, आणि आत असा एकही भाग नाही जो बघून समजत नाही. मीही नोकरी, घर आणि आईच्या औषधांच्या वेळा सांभाळून सुतारकाम करते. मला सलग दोन तास मिळाले की चैन वाटते. तेव्हा या एका गुणाला मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त गुण देते.

चाकाची एक खोड मात्र सांगायलाच हवी. त्यात मोकळा फेरा असतो. दिशा बदलली की काही अंतर चाक नुसतंच फिरतं, पातं हलत नाही. हे या आराखड्यातच आहे, तुमच्या रंध्यात बिघाड नाही. उपाय असा की पातं आधी आत घ्यायचं आणि शेवटची हालचाल नेहमी बाहेरच्या दिशेने करायची. तसं नाही केलं तर काम करताना पातं हळूहळू मागे सरकतं, साल, म्हणजे रंध्यातून निघणारी लाकडाची पातळ पापडी, यायची थांबते आणि आपण उगाच धारेला दोष देत बसतो.

धारेचंच सांगते. पात्याची मूळ उतरती बाजू २५ अंशांची आणि अगदी टोकाशी ३० अंशांची बारीक धार, एवढं पुरतं. पप्पांनी मला धार लावायला शिकवलं तेव्हा घड्याळ वापरलं नाही, बायबलमधली स्तोत्रं वापरली. उतरती बाजू दगडावर घासायची ती स्तोत्र २३ म्हणून होईपर्यंत, सावकाश, घाई न करता. मग पातं उलटं करून पाठ सपाट ठेवायची आणि कडेला वळलेली बारीक कूस काढायची, त्यासाठी स्तोत्र ११७. ते दोनच वचनांचं आहे, सगळ्यात लहान. एवढ्यावर धार आली नाही तर पप्पा पातं उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "याला ११९ लागणार." म्हणजे १७६ वचनं. म्हणजे पातं कुणीतरी खिळ्यावर मारून आणलंय आणि आता पूर्ण कड मागे घासून नव्याने काढायची आहे. मुलीला हे कशाला शिकवता, असं चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी एकदा विचारलं होतं. पप्पांनी उत्तर दिलं नाही. त्या वडीलधाऱ्यांच्या घरच्या दाराची खालची कड तासायला मात्र मलाच पाठवलं.

पात्याच्या पाठीवर आणखी एक पट्टी असते, चिपब्रेकर. नवे लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, तर जुने म्हणतात रंधा तिच्यातच आहे. लाकडाच्या रेषा उलट्या आल्या की पातं कापायच्या आधीच लाकूड उचकटतं आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. पट्टी पात्याच्या धारेच्या अगदी जवळ आणली की उठणारी साल तिथेच मोडते, तिला मुळापासून लाकूड उपटायला वावच राहत नाही. जपानमधल्या यामागाता विद्यापीठात कातो आणि कावाई या संशोधकांनी धारेपाशी नेमकं काय होतं याचं जवळून चित्रीकरण केलं. ते २०१२ च्या सुमारास जगभरच्या सुतारकाम करणाऱ्यांत फिरलं आणि त्यानंतर या पट्टीवरची चर्चा पुन्हा रंगली. अंतर ठेवायचं ते मिलिमीटरच्या एक ते दोन दशांशाच्या आसपास. पप्पांनी ते चित्रीकरण पाहिलेलं नव्हतं. ते पट्टी सरकवत न्यायचे आणि धारेपलीकडे चमकणारी रेघ दिसेनाशी होऊ लागली की थांबायचे. मी तेच करते. वाकड्या रेषांच्या, गाठीच्या लाकडावरसुद्धा पृष्ठभाग न फाटता साल येते. फक्त पट्टीची पुढची कड पात्यावर घट्ट टेकलेली हवी. फट असेल तर सालीचे तुकडे आत घुसून तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येण्याची फट, तुंबतं. आधी पट्टीची कड दगडावर घासून सरळ करा, मग बाकीच्या तक्रारी करा.

तळाला मेण लावा. हे कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नसतं. तळ लाकडावर घासतो त्याला जोर लागतो, आणि मेणाच्या दोन-तीन रेघोट्या ओढल्या की रंधा निम्म्या जोरात चालल्यासारखा वाटतो. पप्पांच्या पेटीत मेणबत्त्यांची बुडखं असायची, अर्थात चर्चमधली. चर्चची देखभाल करणाऱ्या काकांचा यावर कायमचा आक्षेप होता. मेणबत्ती बोटभर उरली की ती पाळकाच्या खिशात जाते, असं ते कमिटीच्या बैठकीत बोलून दाखवायचे. पप्पांचं म्हणणं, बाकं त्याच मेणावर गुळगुळीत झाली आहेत, तेव्हा हिशेब चर्चमध्येच राहिला. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

मूठ. या रंध्यांची मागची मूठ मोडतेच. ती लाकडाची असते, मधून एक लांब सळई जाते, आणि रंधा खाली पडला की मुठीची सगळ्यात बारीक जागा तडकते. पप्पांनी स्वतः नवी केली, स्वतःच्या हाताच्या मापाची. त्यांचा पंजा मोठा, त्यामुळे मूठही जाड. माझ्या हाताला ती दुखायची. अर्धा तास काम केलं की अंगठ्याचं बेचकं सोलून निघायचं. आठवण म्हणून तशीच ठेव, असं घरात सगळ्यांचं मत. मी कानस घेतली आणि कमी केली. ज्या माणसाने आमच्या अभ्यासाच्या टेबलाचे पाय आमच्या उंचीबरोबर वाढवले, त्याला हे पटलं असतं याबद्दल मला शंका नाही. त्या टेबलाच्या पायांना खालून भोकं होती. मुलं वाढली की पप्पा लाकडी खुंट्या घालून खाली एकेक ठोकळा जोडायचे. धाकट्याची पाळी येईपर्यंत ठोकळे पुन्हा काढले गेले. टेबल अजून आहे, भोकंही आहेत.

लोक म्हणायचे, प्रभू येशूही सुतारच होते, पाळकसाहेब. बायबलमधलं मार्क ६:३ सगळ्यांना पाठ. पप्पांना ही तुलना आवडायची नाही. एक तर मोठेपणाची वाटायची, आणि दुसरं, ते म्हणायचे, "त्यांचा रंधा कुणी उसना नेऊन खिळ्यावर मारला असेल असं लिहिलेलं नाही." त्यांना बायबलमधला प्रेषित पौल जवळचा वाटायचा. करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू करणारा, मंडळीवर आपला भार पडू नये म्हणून हाताने काम करणारा. चर्चचं छप्पर, बाजाच्या पेटीचा फाटलेला भाता, घरातली गळकी मोरी, आईच्या शिलाई मशीनचं पायडल, यातलं काही पप्पा दुसऱ्याला सांगायला गेले नाहीत. परवडत नव्हतं हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. शनिवारी उपदेश लिहायला बसले आणि अडले की उठून रंधा मारायचे. सुचलेली वाक्यं सुतारी पेन्सिलीने फळीच्या तुकड्यावर. आईने असे तुकडे चुलीत घातले की रविवारी उपदेश आटोपशीर व्हायचा. एरवी तो लांबायचा, हे त्यांच्या मुलीने लिहिलं तरी खरंच आहे.

उसनवारीचं स्वतंत्र सांगायला हवं, कारण या रंध्याच्या टिकाऊपणाची खरी परीक्षा तिथेच झाली. पाळकाची हत्यारं म्हणजे सगळ्यांची, असा समज होता आणि पप्पांनी तो कधी खोडून काढला नाही. मागितलं की द्यायचे. परत आल्यावर पात्याला दात पडलेला असायचा, तळाला ओल लागून गंज आलेला असायचा, एकदा तर लिव्हर कॅपचा, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या टोपीचा, स्क्रू इतका आवळलेला होता की तो सोडवायला दोघं लागले. समोरच्या माणसाला पप्पा "हरकत नाही" म्हणायचे. घरात येऊन मात्र बोलायचे, आणि चांगलं बोलायचे. ज्या रविवारी प्रभूच्या प्रार्थनेतल्या 'आमची ऋणे आम्हांला सोड' या ओळीवर उपदेश होता त्या दिवशी आई पहिल्या रांगेतून त्यांच्याकडे टक लावून बघत होती आणि पप्पा तिची नजर चुकवत होते. ते गेल्याच्या आठवड्यात लोक भेटायला आले ते हत्यारं घेऊन. पटाशी, गुण्या, एक करवत जिची आम्हाला आठवणही नव्हती. एकाने आणलेली हातोडी आमची नव्हतीच. ती अजून पेटीत आहे, कुणाची ते कळत नाही.

रंधा त्या वेळी घरात नव्हता, कारण चर्चमधल्या दोघा तरुणांनी पप्पांची शवपेटी त्याच रंध्याने साफ केली. दोघांनाही पप्पांनीच शिकवलं होतं. झाकण छान झालं होतं, पण डोक्याच्या बाजूला दोन समांतर बारीक रेघा राहिल्या होत्या, दोन इंचांच्या अंतरावर. पात्याचे कोपरे टोकदार राहिले की अशा रेघा उठतात. धार लावताना दोन्ही कोपऱ्यांवर जरा जास्त दाब देऊन ते किंचित गोलसर करायचे असतात. पप्पा हे प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येक जण विसरायचा. प्रार्थना चालू असताना माझं अर्धं लक्ष त्या रेघांवर होतं. शेजारी उभ्या भावाने हळूच विचारलं, "कोपरे?" मी मान हलवली. आम्हाला दोघांनाही हसू आवरेना, आणि मागच्यांना वाटलं आम्ही रडतोय. तेही चालूच होतं.

दोष. रंध्याचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि ते ठिसूळ असतं. उंचावरून सिमेंटच्या जमिनीवर पडला तर चिरतो, आणि चीर बहुधा तोंडाच्या बाजूने जाते. पातं पातळ, दोन मिलिमीटरच्या आसपास. कठीण लाकडावर जाड साल काढायला गेलात तर ते थरथरतं आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. उपाय सोपा, साल पातळ काढा. दमट हवेत गंज पटकन धरतो, म्हणून काम झालं की तेलाचं फडकं फिरवायचं. आणि ठेवताना आडवा ठेवायचा की तळावर, यावर माणसं भांडतात. पप्पा आडवा ठेवायचे. मी मागचा भाग एका पट्टीवर टेकवून तळावर ठेवते.

नवा घ्यावा की जुना? ओळखीतल्या एकाने नवा, स्वस्तातला घेतला. नाव सांगत नाही. तळ मध्ये पोकळ, पट्टी पात्यावर नीट बसत नाही, पात्याची बैठक डुगडुगती. सगळं घासून ताळ्यावर आणायला त्याचे दोन रविवार गेले. तेवढी मेहनत करायचीच असेल तर जुना घेऊन करा. बघताना वरच्या गंजाला घाबरू नका, तो बारीक पॉलिश पेपर आणि तेलाने निघतो. बघायचं ते तोंडाभोवती आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना चीर आहे का. पात्याच्या सपाट बाजूला धारेजवळ गंजाने खोल खड्डे पडलेत का, कारण ते असतील तर धार कधीच अखंड येणार नाही. पातं किती लांब उरलंय. सगळे स्क्रू फिरतात का. मूठ मोडलेली असेल तर उलट चांगलं, विकणारा नरमतो, आणि मूठ करता येते.

जाड पातं बदलून घालावं का, असंही विचारतात. मिळतं, थरथर कमी होते, पण तोंड अरुंद पडतं आणि कधीकधी कानसीने मोठं करावं लागतं. एकदा मोठं केलेलं तोंड परत लहान होत नाही. मी केलेलं नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा चाकाच्या मोकळ्या फेऱ्यासाठी कापला आहे. मागच्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला होता. त्याच्या घराचं मागचं दार चौकटीत अडकतंय. "ताई, दोन दिवस रंधा देतेस का?" मी म्हटलं, दार काढून इकडे घेऊन ये.